काथ्याची हातघाई

आमच्या घराण्याची तलवार मी जन्मात कधी म्यानाबाहेर पाहिली नव्हती. बाहेर काढली की ती रक्त मागते, असं थोरले काका सांगत. रक्त द्यायला घरात कुणीच तयार नसल्यामुळे ती म्यानातच सुरक्षित होती. दसऱ्याला काका म्यानासकट ती आपट्याच्या फांदीला टेकवत आणि मगच गाव सोनं लुटे. तो पहिला मान आमचा.

चीनच्या लढाईनंतरच्या वर्षी गावातल्या पोरांनी नवं खूळ काढलं. मान द्यायचा तर खऱ्या लढलेल्या माणसाला द्या, म्हणाले. असा माणूस गावात एकच, पलटणीतून परतलेले हवालदार. माणूस अबोल. त्यांच्याबद्दल गावाला एवढंच ठाऊक होतं की ते कांद्याला शिवत नाहीत. कच्चा कांदा पानात दिसला की उठून जात. "सायबाचे नखरे!" असं लोक म्हणत, आणि मीही हसत असे.

काकांची झोप उडाली. मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो, म्हणून त्यांनी मला हुकूम सोडला, "आपल्या पूर्वजाच्या हातघाईचा एक पान लिही. दसऱ्याक देवळात वाचूया."

मी कामाला लागलो. बाण-बंदुका संपतात, रांगा मोडतात, आणि तलवार, पट्टा, कट्यार घेऊन माणूस माणसाला भिडतो, ती हातघाई. जुन्या बखरी-कागदांत ती पानोपानी होते. लिहिणारा बहुतेक वेळा कारकून, म्हणजे लढाईच्या वेळी मागे तंबूत दौत सांभाळणारा. त्यामुळे आपले लोक शर्थ करतात आणि शत्रू ठरल्या वेळी पळतो. मीही तसंच झकास लिहिलं. पूर्वजाला चार जखमा दिल्या. काकांनी त्या सात करून घेतल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी काकांनी हवालदारांना जेवायला बोलावलं. कागद ऐकून त्यांनी मान डोलवली, की पोरांची तोंडं बंद होणार होती. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "तलवारीचा पाता बघूचा होता."

नाही म्हणायची सोय नव्हती. काकांनी मूठ ओढली. हलेना. मी म्यान धरलं, काकांनी पाय रोवले, आणि मूठ एकदम निसटून काका भिंतीवर आपटले. मुठीला टीचभर लोखंड होतं. त्यावर काथ्या गुंडाळून ती म्यानात ठोकून बसवली होती.

काकी शेजारीच विळीवर कांदा चिरत होती. हात न थांबवता, विळीच्या पात्याकडे मान करून ती म्हणाली, "तेचा पाता ह्या काय! मामंजींनीच लोहाराकडसून माझ्या आडाळ्याक बसवून दिल्यानी. चाळीस वर्सां तेच्यार इसवण-बांगडे कापतंय."

मला हसू आवरेना. पण काकांचा चेहरा पाहिला आणि लाज वाटली. सत्तरीचा माणूस मूठ मांडीवर घेऊन बसला होता. शेवटी म्हणाले, "हवालदारानू, उद्या मान तुमी घ्या. तुमी खरे हातघाईतले."

"एकच खेप झाली," हवालदार म्हणाले. "बंदुकेक संगीन लावलली. तो इतको लागी इलो की तेच्या तोंडाचो वास येय होतो. कांदो खाल्लेलो तेना. वयान माझ्याएवढोच."

पुढे काय झालं ते आम्ही विचारलं नाही.

त्यांनी काकांच्या मांडीवरची मूठ उचलली, काथ्या नीट गुंडाळला आणि ती म्यानात घट्ट बसवून काकांच्या हातात दिली. "मान तुमचोच ऱ्हवांदे. ह्या तलवारीन कोणाक काय होवचा नाय."

मी माझा कागद घडी करून खिशात घातला. काकीने चिरलेला कांदा सगळा गोळा केला आणि विळी धुवायला मागच्या दारी घेऊन गेली.