किन्हीराजाचे सातभाई आणि विलासचा सिद्धान्त

मी किन्हीराजाला गेलो तो विलासचं तोंड बंद करायला. असं लिहिणं बरं दिसत नाही, पण प्रवासवर्णनात खोटं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको.

विलास आणि मी गावच्या एकाच शाळेत शिकलो. तो नागपूरला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला, मी वाशीमलाच राहिलो. दसऱ्यानंतर तो माझ्याकडे आला आणि पहिल्याच जेवणाला त्याने जाहीर केलं की परोपकार नावाची गोष्ट जगात नाही. प्राणी भावंडांना मदत करतो ती आपलं रक्त टिकावं म्हणून, शेजाऱ्याला करतो ती उद्या परत मिळावी म्हणून. बाकी दुसरं काही नाही. हे तो आमच्या देवघराकडे बघत, माझ्या बायकोने आग्रहाने वाढलेली पोळी खात सांगत होता.

मला उत्क्रांतीचं वावडं नाही. देवाने माणूस एका दिवसात घडवला की लाखो वर्षं लावली, तो त्याचा प्रश्न. दया मुंग्या-माकडांपासून आली असेल तर येऊ दे. मला चीड येते ती त्या 'दुसरं काही नाही'ची.

किन्हीराजाला राहणारी माझी मावसबहीण सुलोचना हिच्या वावरात, म्हणजे शेतात, सातभाईंचं घरटं होतं. हे पक्षी एकमेकांची पिल्लं चारतात म्हणे. विलासला पुरावा दाखवायचा होता, मला त्याची फजिती पाहायची होती. सकाळी मोटरसायकलने निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: वाशीम ते मालेगाव रस्ता चांगला आहे, पुढे किन्हीराजापर्यंतही अडचण नाही. वावराकडे वळलात की मात्र पाठीची काळजी घ्या. एसटीने गेलात तर शेवटचा टप्पा पायीच. मालेगावात आलुबोंडा आणि चहा घ्या, दोघांचं शंभराच्या आत भागतं. तिथे एक म्हातारा कुत्र्याला अर्धा बोंडा देत होता.

"गुंतवणूक," विलास म्हणाला. "उद्या कुत्रं त्याचं दार राखेल."

चहावाल्याने ऐकलं. "ह्या कुत्र्यानं आजलोक काहीच नाही राखलं, साहेब. परवा माह्याच दुकानातली चप्पल नेली."

वावरात पोचलो तर सातभाई भांडत होते. ज्यांना त्यांच्या एकीवर भाषणं ठोकायची असतील त्यांनी आधी हे ऐकावं. मातकट रंग, फिकट डोळे आणि दिवसभर कचकच. पण बाभळीच्या शेंड्यावर एक जण पहारा करत होता आणि खालून तिघे-चौघे पाळीपाळीने अळ्या आणून पिल्लांच्या चोचीत कोंबत होते.

"मोठी भावंडं, काका, आत्या," विलासने दुर्बीण माझ्याकडे दिली. "एकच रक्त."

"अन् एखादा नात्यातला नसला तर?"

"असतात काही. त्यांना थव्यात राहायला मिळतं. ते भाडं भरतात असं समज."

नातं असलं तर रक्त, नसलं तर भाडं. हा सिद्धान्त म्हणजे असं घर की कुठूनही शिरा, विलासच्याच बैठकीत निघता.

तेवढ्यात सुलोचना धावत आली. पश्चिमेकडे आभाळ काळं झालं होतं. तिचं सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, वावरभर लहान लहान ढिगांत पडलं होतं. ते एका जागी गोळा करून गंजी घालायची, वर ताडपत्री टाकायची, एवढं पावसाआधी व्हायला हवं होतं. भिजलं की शेंगा काळ्या पडतात, दाण्याला कोंब फुटतात आणि वर्ष हातचं जातं. तिचा नवरा पोटाच्या ऑपरेशनमुळे अकोल्याला दवाखान्यात.

"सावडीतल्या लोकाईले बोलाव ना," मी म्हणालो. सावड म्हणजे चार-पाच घरांनी मिळून पाळीपाळीने एकमेकांचं काम करायचं.

"आज गणपतभाऊची पाळी हाय, दादा. त्यायचंबी सोयाबीन उघडं पडलं. मी कशी बोलावू?"

आम्ही दोघं तिच्याबरोबर भिडलो. विलासचे बूट धुळीत, शर्टात कुसळं. गंजी उभी राहत होती, पण ताडपत्री फाटकी निघाली. पहिले थेंब पडले तेव्हा धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, शेजारचा शेषराव आला, खांद्यावर नवी ताडपत्री. या माणसाशी सुलोचनाच्या घराचं धुऱ्यावरून जुनं भांडण. बोलणं बंद. भांडखोर म्हणून गावाने त्याला सावडीतही घेतलेलं नाही.

"सरका बे! असी गंजी रचतात काय? शेयरातले बैल!" तो आमच्यावर खेकसला. मग अर्धे ढीग त्याने एकट्याने ओढले, ताडपत्री टाकली, दगडांनी दाबली. सुलोचनाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

पाऊस कोसळत होता. विलासला राहवलं नाही. "शेषरावभाऊ, तुम्ही काहून आले?"

"हे सडलं का वास माह्या वावरात येते. मले काय हिची दया आली?" असं म्हणून तो भिजत निघून गेला.

विद्वान म्हणतात, माणूस स्वार्थाला परोपकाराचं सोंग देतो. इथे एक जण उलटं सोंग घेऊन आला होता आणि ते त्याला नीट जमतही नव्हतं.

परतताना मी विलासला विचारलं, "तू कायले भिजला? ती बहीण माही, तुही नाही. तिच्याकून तुले काय भेटन?" तो मालेगावपर्यंत विचार करत होता. शेवटी म्हणाला, "तू पाहत होतास." एवढं लंगडं उत्तर त्याने शाळेतही कधी दिलं नव्हतं.

नागपूरला गेल्यावर आठवड्याने त्याचा फोन आला, आधी सोयाबीनचीच चौकशी. खालचा थर थोडा काळा पडला, बाकी सगळं वाचलं, मी सांगितलं. 'थोडा' म्हणजे किती, ते त्याने खोदून विचारलं. मग म्हणाला, "बरं झालं रे."

त्याला पुढचं सांगितलं नाही. सुलोचनाने मला कळवलं होतं की पाऊस थांबल्यावर शेषराव ताडपत्री न्यायला आला आणि जाता जाता धुऱ्याचा दगड तिच्या वावरात हातभर सरकवून गेला. त्या संध्याकाळी दिवा लावून मी देवापुढे विलास आणि शेषराव दोघांसाठी हात जोडले. दगडाचं काय ते तलाठी बघेल.