एकोणीस नंबरपर्यंत

डिलाईल रोडवरची चाळ पाडून सहा वर्षं झाली, तरी पत्ता सांगताना शैला ओव्हाळ अजून ‘दुसरा मजला, एकोणीस नंबर’ म्हणून जाते आणि मग जीभ चावते. आता ती त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहते. महापालिकेच्या दवाखान्यात तिनं तीस वर्षं केसपेपर काढले. नवरा गेला तो चाळीतच. मागे लेकीला एकटीनं वाढवलं. रडगाणं गायची तिला सवय नाही. पण टॉवरच्या बंद दारांच्या पॅसेजमधून येताना तिची पावलं उगाच रेंगाळतात.

लेक श्रेया गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिनं जुने फोटो जमवून घरच्या कॉम्प्युटरवर अख्खी चाळच गेमसारखी उभी केली. बाणाचं बटण दाबत फाटकातून शिरायचं, जिना चढायचा, गॅलरीतून चालायचं. शैलाला एकच हवं होतं, आपल्या दारापाशी जाऊन उभं राहायचं. जुन्या ग्राफिक्स कार्डाला ते झेपेना, म्हणून श्रेयानं बोनस मिळाल्यावर नवं, भारीतलं आणून बसवलं. तरी रड तीच. फाटक, जिना झकास. दहावं-बारावं दार आलं की चित्र आचके द्यायला लागायचं आणि मग जागच्या जागी थिजायचं.

श्रेयानं कार्ड चालवणारा जुना प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मुळापासून काढून नवा टाकला. मॉनिटरची वायर नव्या कार्डालाच जोडलीय ना, ते पाहिलं. सावल्या कमी केल्या. फरक शून्य. शैला रोज संध्याकाळी बाराव्या दारापर्यंत जायची आणि पुढचा पट्टा लांबूनच बघत बसायची. तिच्या एक लक्षात आलं होतं. थोडा वेळ बंद ठेवलं की पुन्हा काही मिनिटं नीट चालतं. म्हणजे मशीन दमतं.

रविवारी पाहुण्यांसाठी ती शोकेसमधले ठेवणीतले कप काढायला गेली, तर कप गरम. खालच्याच कप्प्यात कॉम्प्युटरचा डबा होता. एवढी महागाची वस्तू, वर बांधकामाची धूळ, म्हणून तिनंच तो आत सरकवून काच लावून घेतली होती. तिनं श्रेयाला बोलावून कप हातात दिला.

“आई, तू त्याला कोंडून घातलंस. आतल्या आत तापून हळू होतंय ते.”

“चाळीत टीव्ही नव्हता काचेत? चांगला वीस वर्षं टिकला,” शैला म्हणाली. पण डबा स्वतःच उचलून स्टुलावर ठेवला.

पाहुणे गेल्यावर ती बसली. बारावं दार गेलं, पंधरावं गेलं, चित्र पाण्यासारखं सरकत होतं. एकोणीस नंबर. हिरवं दार, वर नवऱ्याच्या नावाची पाटी. ती थांबली. मग वळून सगळी गॅलरी पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत दारं सताड उघडी, आणि कुठंच कुणी नाही.

“माणसं कुठायत गं?”

“माणसं घातली की मशीनवर लोड येतो, आई. एवढ्या सगळ्यांना घेतलं तर हे कार्डही पुन्हा अडकेल.”

शैला बाणाचं बटण दाबत रिकाम्या गॅलरीतून पहिल्या दारापर्यंत मागे आली.

“अडकू दे,” ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या दारात सकाळी कोण बसायचं, ते सांगायला लागली.