मेनूतले चौकोनी डबे

जानेफळला आमचं टायपिंगचं दुकान आहे, पण ते माझं म्हणायला मला लाज वाटते. मी नुसता प्रिंटरला कागद लावणारा. टाइप करायची ती बायको. तेरवीची पत्रिका असली की माणसं तिच्यासमोर बसून नातलगांची नावं सांगत, मध्येच रडत, आणि ती बोटं न थांबवता टाइप करत राही. कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, हे भांडणही तीच मिटवी.

मग साखरेच्या आजारानं तिच्या डोळ्यांना दगा दिला. पांढऱ्या स्क्रीनकडे बघवेना. मी शहाणपणा केला. इंटरनेटवरून एक काळी थीम उतरवली, वर मोठी पिवळी अक्षरं. थीम बसली आणि मेनूची पार वाट लागली. मराठी शब्दांच्या जागी नुसते चौकोनी डबे.

महिनाभर मी डोकं आपटलं. फॉन्ट काढले, पुन्हा टाकले, अक्षरांचा आकार कमीजास्त केला. एक जागा सुधारली की दुसरीकडे वेलांट्या कापल्या जात. रागाच्या भरात एक माऊस फोडला. ती मात्र डबे मोजून काम चालवायला शिकली. बाणाचं बटण चारदा खाली दाबलं की 'छापणे'.

"मेहकरच्या डॉक्टरले दाखवू ना पुन्हा," मी म्हणायचो.

"माह्या डोयाले काई नाई झालं. तुमचा कॉम्प्युटरच खराब हाये."

खरं सांगतो, मलाही तेच ऐकायचं होतं.

एका दुपारी चूक सापडली. थीमच्या फाइलीत असा फॉन्ट दिला होता, ज्यात मराठी अक्षरंच नव्हती. त्याच्या जागी मराठी फॉन्टचं नाव टाकलं आणि मेनू लख्ख झाला. मी आनंदानं ओरडलोच. ती कणकेचे हात पुसत आली, खुर्चीत बसली, काचेला नाक लागेल इतकी वाकली.

"डबेच तर हायेत. काऊन बलावलं हो?"

मी पुन्हा पाहिलं. 'छापणे' हा शब्द पिवळाधमक दिसत होता, मला. तिला तो दिसत नव्हता, आणि कधीपासून दिसत नव्हता कोण जाणे. डॉक्टरकडे न्यायचा तो महिना मी फॉन्ट बदलण्यात घालवला होता.

"हाव," मी म्हणालो, "नाई निंगाला अजून बिघाड."

तिनं मान डोलावली, चार वेळा बटण दाबलं आणि सकाळची तेरवीची पत्रिका छापायला लावली.