नाल्यापलीकडचं पहिलं घर

समुद्राची गोष्ट म्हटली का तुमी वाळू आन् नारळ धरून बसले असाल. राहू द्या. मी गोंदिया जिल्ह्यातला. समुद्र मी मोबाईलवरच पाहिला.

आता महिन्याचा पाऊस एकाच दिवशी पडून राहिला. गावात पाणी शिरलं, म्हणून ग्रामसभेत ठराव आला: नाल्याच्या आपल्या काठाले दगडी भिंत बांधायची. पलीकडच्या गावानं निरोप धाडला होता, आधी दोन्ही गावं बसून ठरवू. मी त्यांच्या सरपंचाची नक्कल केली, हात जोडून, नाकातून रडत. सभा हसून लोळली आन् ठराव पास झाला.

इटियाडोह धरणातला झिंगा पाहाले आलेले कोकणातले एक कोळी काका मागं बसले होते. एकटे तेच हसले नाहीत. बाहेर मले म्हणाले, "आमच्या शेजारच्या गावाने अशीच भिंत बांधली. त्यांचं वाचलं, पण लाट आमच्याकडे वळली. माझं घर गेलं, पोरा."

नाल्यापलीकडं पहिलंच घर माह्या मावशीचं आहे. हे मले आधी काऊन सुचलं नाही?

सायकल घेऊन तिच्याकडं पळालो. सभेत कोणीतरी काढलेला नकलेचा व्हिडिओ तिनं आधीच पाहिला होता.

"मेल्या, मीच आमच्या सरपंचाले निरोप धाडाले लावला होता. जाय आता, तुह्या गावाले सांग, दोन्ही गावं एका सतरंजीवर बसल्याबिगर दगड रचाचा नाही. तोवर माह्या घरी जेवाले येऊ नको."