मांजर्लीतला जर्मन किल्ला

"निनाद, दार उघडू नकोस! माझी शपथ आहे तुला, उघडू नकोस!"

बायको मोबाईलवर अशी किंचाळली की लक्ष्मीपूजनाचे फटाकेसुद्धा दोन मिनिटं लाजून गप्प बसले. पलीकडे जर्मनीत भर दुपार. आमचा मुलगा फोन हातात धरून दाराकडे निघालेला.

"आई, काय झालंय तुला? कुरिअरवाला असेल."

आधीचं सांगतो. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. भूतबित कधी मानलं नाही. गप्पांत तिखटमीठ लावतो, हे बदलापुरात, आमच्या मांजर्लीत, कुणालाही विचारा. पण यात काहीही वाढवलेलं नाही — उलट दोन गोष्टी गाळल्यात.

निनाद राहतो ते गाव एवढंसं, की आमच्या सोसायटीत मावून वर दोन फ्लॅट रिकामे राहतील. गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर पडका किल्ला. त्याने फोटो पाठवले आणि मी जाहीर केलं, "यंदा दिवाळीचा किल्ला हाच!" नदीकाठची माती आणली. पार्किंगच्या कोपऱ्यात बुरूज, उतरती वाट, पायथ्याला काडेपेट्यांची घरं — लाल छपराचं ते निनादचं. बुरुजावर उल्हासनगरच्या बाजारातला प्लास्टरचा पहारेकरी. त्याचा भाला रिक्षातच अर्धा मोडला. म्हटलं, असू दे... किल्ला पडका, पहारेकरीही तसाच.

वसुबारसेला तो बुरुजावर होता. धनत्रयोदशीच्या सकाळी किल्ल्याच्या दरवाजात. नरकचतुर्दशीला अंघोळ करून खाली आलो, तर वाटेच्या मध्यावर — आणि तोंड गावाकडे! मी मांजरावर खापर फोडलं. सीसीटीव्ही पाहिला. मांजर आलं होतं खरं, पण किल्ल्याजवळ येताच शेपूट फुगवून उलट्या पावली पळालं. पुतळा हलवणारं माणूस मात्र कुठेच दिसलं नाही.

लक्ष्मीपूजनाला बायको पणती ठेवायला खाली गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, धावा! तो निनादच्या दारात उभा आहे!"

मी पोहोचेपर्यंत तिने फोन लावलाही होता. त्याच क्षणी तिकडे दारावर टकटक.

"काचेतून कोणीतरी दिसतंय," निनाद म्हणाला. "म्हातारा वाटतोय. हातात मोडकी काठी आहे."

आम्ही त्याला आमच्या किल्ल्याचा एक फोटोही पाठवला नव्हता. सरप्राइज द्यायचं होतं ना...

मी तो बोटभर पुतळा उचलला. भरलेल्या सिलिंडरएवढा जड लागला! दोन्ही हातांनी नेऊन बुरुजावर टेकवला.

"गेला," निनाद म्हणाला. मग खिडकीतून डोकावून, "पण बाबा... रस्त्यावर कोणीच नाहीये."

या गोष्टीला आता काही महिने झाले. किल्ला मोडायची हिंमत नाही, निळी ताडपत्री घालून ठेवलाय. रोज सकाळी चहाआधी मी तो पुतळा जागेवर आहे का ते बघतो. पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये नदी शिरते, तेव्हा या मातीचं काय होणार? कारण मात्र आजही सापडलेलं नाही. शेवटी निनादला म्हटलं, घरमालकिणीला विचार. ऐंशीची म्हातारी, ओट्याशी उभी राहून कप पुसत होती म्हणे.

"उघडलं नाहीस ना? बरं केलंस," ती म्हणाली. "आधीच्या भाडेकरूने उघडलं होतं."