डाव्या हाताचं बंदर

सगळा धक्का त्याला भोंगा म्हणायचा. विंच सुरू करताना तो "बाजूला व्हा रे!" अशी आरोळी ठोकायचा, ती पलीकडच्या धक्क्यापर्यंत जायची. जहाजातला माल ओढणाऱ्या त्या यंत्राच्या फिरत्या पिंपावर तारेचा दोर गुंडाळला जातो. एका दुपारी त्या दोराने भोंग्याच्या उजव्या हाताची बोटं नेली. अंगठा तेवढा राहिला.

पिंपासमोर संरक्षक जाळी नव्हती. ती कधीच मोडून भंगारात गेली होती आणि नवी मागून मागून भोंग्याचं तोंड दुखलं होतं. पण चौकशीत त्याचा सख्खा थोरला भाऊ, त्याच पाळीचा मुकादम, साहेबांसमोर खाली मान घालून म्हणाला, "जाळी होती. यानंच काढून ठेवली असेल."

भोंग्याची नोकरी गेली. चूक त्याची ठरली, म्हणून भरपाईही नाही.

मग घरात भांडी उडायला लागली. डाव्या हाताने शर्टाची गुंडी लागली नाही की पेला भिंतीवर. चहा सांडला की बशी भिंतीवर. त्याची मुलगी रंगाच्या दुकानात कामाला होती. चेपलेले, कुणी न घेतलेले डबे ती मालकाला विचारून घरी आणायची. एक दिवस बायकोने त्यातला एक डबा आणि भिंती रंगवायचा रुंद ब्रश त्याच्यापुढे आपटला.

"घरात पेले संपत आले. आता फेकायचंच असेल तर हे फेका. आणि बाहेर जाऊन फेका."

तो खरंच गेला. बंदराच्या कुंपणाबाहेर, जिथून त्याचा जुना धक्का समोर दिसतो, तिथे प्लायवुडचा तुकडा गुडघ्यांत धरून बसला. पहिल्या दिवशी वाऱ्याने प्लायवुडच उडवलं. दुसऱ्या दिवशी होडीवाले मागे येऊन उभे राहिले.

"भोंग्या, हे जहाज आहे की म्हैस?"

"तुझा बाप आहे. सरक, उजेड अडवू नकोस."

पण हात बसत गेला. आधी रेघा आखून मग रंग भरणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. जहाज काही त्याच्यासाठी थांबत नव्हतं. मान खाली घालून वर बघेपर्यंत मालाचा पडाव वळलेला असायचा, पाण्याचा रंग बदललेला असायचा. मग तो बघेल तसा फटकारे मारायचा. तेलकट पाण्यासाठी ब्रश आडवा ओढून शेवटी मनगटाला झटका. क्रेनसाठी एकच उभा घाव. विंचपाशी आला की इतका दाबायचा की ब्रशचे केस फाकायचे. होडीवाले हसायचे थांबले. एकाने तर त्याच्याकडून आपल्या होडीचं चित्र काढून घेतलं.

एका सकाळी थोरला भाऊ पाठीशी येऊन उभा राहिला. चौकशीनंतर पहिल्यांदाच.

"विंच अगदी तशीच आलीय," तो म्हणाला. "पण आता जाळी बसवलीय रे तिला. सगळ्या विंचांना बसवल्या. चित्रात का नाही काढलीस?"

"जाळी काढली म्हणूनच तर हाकललं ना मला?"

 भावाने विंचशेजारच्या एका काळ्या फटकाऱ्यावर बोट ठेवलं. "हा कोण?"

"तू."

"तोंडच नाही."

"तोंड असतं तर बोलला असतास."

"अरे, घर कंपनीचं आहे माझं! खरं बोललो असतो तर बायकोपोरांना घेऊन कुठे गेलो असतो?"

"माझ्याकडे यायचं होतंस, दादा!" भोंगा असा ओरडला की होड्यांतली माणसं वळून बघायला लागली. "एका खोलीत सहाजण वाढलो आपण. आताच जागा पुरली नसती?"

दादाने तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "हे मला दे."

"ने. ओलं आहे, अंगाला लागेल."

दुसऱ्याच दिवशी वहिनी ते चादरीत गुंडाळून परत घेऊन आल्या.

"भाऊजी, हे चित्र घरात नको. हे त्याच्यासमोर बसून राहतात. जेवत नाहीत."

"नाही जेवत तर नाही."

"जाळी नव्हती, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग हेच साहेबांना सांगा, वहिनी. चला, मी येतो बरोबर."

वहिनींनी गठ्ठा खाली ठेवला आणि त्या परत जायला वळल्या.

"नाही ना?" भोंग्याने चादरीची गाठ दातांनी आवळून गठ्ठा त्यांच्या हातात दिला. "त्याला नको असेल तर त्यानं स्वतः आणून द्यावं. तुम्हाला पुढे करू नये."

दादाने ते कधीच आणून दिलं नाही. साहेबांकडेही तो गेला नाही. तो अजून मुकादम आहे, अजून कंपनीच्याच घरात राहतो, आणि कामावर जाताना कुंपणाच्या दुसऱ्या बाजूने वळसा घालून जातो. दोघे भाऊ बोलत नाहीत.

भोंगा रोज सकाळी तिथेच बसतो. परवा बायकोने विचारलं, समुद्र आहे, आकाश आहे, सारखी ती मेली विंचच कशाला?

"मला अजून ती नीट आलेली नाही," तो म्हणाला, आणि ब्रश बादलीत जोरजोराने खळबळायला लागला.