भिंत वाळेपर्यंत

माई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. पिशवी हातात, दार अर्धं लोटलेलं. पुतण्या म्हणाला, "काकू, आई गेली..." मी चप्पल पायात तशीच ठेवून खुर्चीत बसले. फोन केव्हाच बंद झाला होता, तरी तो कानाला लावलेलाच होता.

माई माझ्या थोरल्या जाऊबाई. श्रीरामपूरजवळ पाटाच्या अगदी कडेला त्यांचं घर. लग्नानंतर लवकरच आम्ही नगरला बिऱ्हाड केलं, पुढं मलाही शाळेत नोकरी लागली. त्यामुळे माईंबरोबर एका घरात मी अशी राहिलेच नाही. सणाला जायचं, त्यांच्या हाताखाली चार भाकऱ्या थापायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. आमच्यात भांडण कधी नव्हतं, पण मनातलं बोलावं अशी जवळीकही नव्हती.

त्या घराला ओल मात्र पहिल्यापासूनची. काळी जमीन, चहूबाजूंनी ऊस, आणि पाटाला पाणी सुटलं की ते भिंतीतून वर चढायचं. कमरेपर्यंत रंग फुगायचा, मिठासारखा पांढरा लोणा झडायचा, आणि आतल्या खोलीत खाटेमागं काळ्या बुरशीचे ठिपके उठायचे. "भितीला देवी आल्यात बघ," माई म्हणायच्या. तोंडाला पदर बांधून त्या भिंत घासायच्या, ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं पुसायच्या, दिवाळीच्या आत चुन्याचा हात द्यायच्या. भाऊजी होते तोवर हे जमून गेलं. ते गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि माई पुढच्या एकाच खोलीत राहू लागल्या. आतली खोली बंदच. बुरशीला तेवढंच पाहिजे होतं. एका पावसाळ्यात ती छतापर्यंत पोचली, गोधड्यांना कुबट वास धरला, आणि माईंचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी सांगितलं, भिंतीचं काम होईपर्यंत त्या घरात राहायचं नाही.

पुण्याचा चौथा मजला त्यांना नको होता. मी म्हटलं, माझ्याकडे या. खरं सांगायचं तर रीत म्हणून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी माई एक पिशवी घेऊन दारात उभ्या.

गवंड्यानं सगळा गिलावा खरवडला आणि विटा उघड्या टाकल्या. त्या पुरत्या वाळल्याशिवाय नवा गिलावा चढवायचा नाही, असं त्याचं म्हणणं. माई रोज संध्याकाळी शेजारच्या शोभाला फोन करायच्या, आजारी माणसाची चौकशी करावी तशा. "कशी हाय गं भित?" आणि फोन ठेवून मला सांगायच्या, "अजून वल हाय म्हनं."

माझ्याकडे आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर सगळ्या खिडक्या उघडल्या. मग पलंग, टेबल, सगळं भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं. यांचं कपाट राहिलं होतं. हे गेल्यापासून मी ते हलवलं नव्हतं, त्या खोलीची खिडकीही क्वचितच उघडायची. आम्ही दोघींनी जोर लावून कपाट सरकवलं. मागं भिंतभर हिरवट-काळी बुरशी.

माई बघत राहिल्या. "तुझ्याकडं बी हाय की गं, नलू."

"मला माहीतच नव्हतं, माई."

"खिडकी उघडत न्हाईस व्हय?"

"उघडून काय करायचं? नुसती धूळ येते."

"मानूस येत न्हाई तर धूळ तरी यिऊ दे," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. माईंनी मला उगी केलं नाही. पदर तोंडाला बांधला, बादली आणायला सांगितली. दुपारभर आम्ही ती भिंत पुसत होतो. यांचे सदरे कपाटातून काढून गच्चीवर उन्हात घातले. एवढ्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही आपापल्या नवऱ्यांबद्दल बोललो... कोण कसं घोरायचं, कोणाला भाजीत काय लागायचं, शेवटी शेवटी कोण किती चिडायचं.

दिवाळीच्या सुमारास गवंड्याचा मला फोन आला. गिलावा झाला, रंग झाला, माईंना यायला हरकत नाही. मी बरं म्हटलं. त्यांना कसं सांगावं याचा विचार करत होते, तोवर संध्याकाळ झाली. शोभाचा आवाज मुळातच मोठा. स्वयंपाकघरात मला स्वच्छ ऐकू आलं, "अवो माई, रंग बी झाला की! कवा येताय?"

माईंनी फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अजून वल हाय म्हनं."

"असू द्या," मी म्हटलं. "वाळू द्या नीट."

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही भिंतीचं नाव काढलं नाही. संक्रांत झाली, होळी झाली. सकाळी उठल्यावर घरात भांड्यांचा आवाज येतोय, याची मला सवय लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडं यायची म्हणून माई निघाल्या. "पोरांना घर उघडं दिसाय पायजे," म्हणाल्या. स्टँडवर एसटीच्या खिडकीतून त्यांनी माझा हात धरला, गाडी हलेपर्यंत सोडला नाही. त्यानंतर आमचं बोलणं फक्त फोनवर झालं. आषाढात, सकाळी अंगण झाडता झाडता त्या खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

दहावं-तेरावं आटोपल्यावर पुतण्यानं घराला कुलूप लावलं. किल्ली मी मागून घेतली. आता अधूनमधून मी नगरहून सकाळच्या गाडीनं जाते, दारं-खिडक्या उघडते, आतल्या खोलीत बसते. भिंत कोरडी ठणठणीत आहे. हात फिरवला तर बोटांना काही लागत नाही.

मागच्या खेपेला उघडी खिडकी बघून बाहेरून भाजीवालीची हाक आली, "माई, मेथी घ्यायची का?"

मी बाहेर आले. तिनं मला पाहिलं आणि जीभ चावली. "सवय हाय ओ... खिडकी उघडी दिसली."

तिनं पाटी खाली उतरवली आणि ओट्यावर टेकली. मीही तिच्याजवळ बसले. मेथीचा भाव तिनं सांगितला नाही, मी विचारला नाही. समोर पाट भरून वाहत होता. ऊन वर येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून होतो.